कॉम्प्युटरला वाहिलेल्या अक्षता

ऑक्टोबर लागला की आमच्या सोसायटीत सगळ्यांची तोंडं वाकडी होतात. लिफ्टमध्ये भेटेल तो रुमालाने मान पुसत म्हणतो, "काय उकडतंय हो!" मी "हो ना" म्हणते, कारण वाद घालायचा तर चार मजल्यांत तो पुरा होत नाही. पण या महिन्याला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. लोकांना घाम दिसतो, मला दुसरंच काही दिसतं.

बदलापूरच्या आमच्या हेंद्रेपाड्यात आता जिकडेतिकडे टॉवर झालेत. तरी आमच्या मागे, दोन इमारतींच्या मधोमध, भाताचं एक खाचर अजून शिल्लक आहे. मालक कोण ते मला ठाऊक नाही, पण माणूस हट्टी असणार. दसऱ्याच्या सुमाराला ते खाचर पिवळं पडतं. मग एका सकाळी विळे घेऊन माणसं येतात आणि दुपारपर्यंत कापलेल्या भाताचा तो कोरडा, गोडसर, नाकाला थोडा खाजवणारा वास वरपर्यंत चढतो. सुनेला शिंका येतात, ती खिडक्या लावून घेते. मी माझ्या खोलीची उघडी ठेवते. पलंगावर कूस, भाताची ती बारीक कुसळं, येऊन पडते, मी ती झाडत बसते आणि झाडता झाडता मी शिकवायची त्या शाळेत जाऊन पोचते.

ती शाळा बदलापूर पश्चिमेला होती. गोष्ट नव्वद सालच्या आसपासची. तेव्हा शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच शेतं सुरू व्हायची, आणि भातकापणीच्या दिवसांत आमच्या तासाला विळ्यांचा सपसप आवाज ऐकू यायचा. मी आठवी-नववीला ऑफिसकाम आणि टायपिंग शिकवायची. त्याआधी काही वर्षं उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये होते. तिथे दिवसभर कानाशी टकटक चालायची आणि प्रत्येक ओळ संपताना मशीनची घंटी वाजायची, टिंग. झोपेतसुद्धा माझं वाक्य टिंग झाल्याशिवाय संपत नसे, असं आमचे हे म्हणायचे.

ह्यांच्याबद्दल एवढंच सांगते, की अंबरनाथच्या ज्या कारखान्यात ते होते त्याच्या गेटला त्या वर्षी कुलूप लागलं होतं. ते रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे आणि गेटसमोर इतरांबरोबर बसून यायचे. डबा मीच भरून द्यायची. दोघांनाही ठाऊक होतं की घर आता माझ्या पगारावर आहे, आणि त्याबद्दल आम्ही एक अक्षर बोलत नव्हतो. माझी नोकरी तरी कुठे पक्की होती? दर सहा महिन्यांनी नेमणुकीची नवी ऑर्डर यायची. ती येईपर्यंत जीव टांगणीला.

अशात शाळेला एका देणगीदाराने कॉम्प्युटर दिला. आख्ख्या शाळेत एक. हिरवी अक्षरं उमटणारा, दोन फ्लॉपींच्या खाचा असलेला, पोटात स्वतःचं असं काही न साठवणारा. वरच्या खाचेत फ्लॉपी घातली तरच जागा होणार, नाहीतर नुसता ठोकळा. त्याच्यासाठी प्रयोगशाळेशेजारची अडगळीची खोली रिकामी झाली, खिडकीला हिरवा पडदा लागला, आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम झाला. देवळाबाहेर काढतात तशाच सगळ्यांनी काढल्या, कोणाला वेगळं सांगावं लागलं नाही. काही मुलं तर आत येताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायची.

शिकवणार कोण, हा प्रश्न आला. मी हात वर केला. मला फार येत होतं असं नाही. पण टाइपरायटर आता जाणार आणि त्यांच्याबरोबर टाइपरायटरच्या बाई जाणार, एवढं कळण्याइतकं व्यवहारज्ञान मलाही होतं. इन्स्टिट्यूटमधली माझी एक जुनी विद्यार्थिनी, हर्षा, लग्न होऊन कॅम्प चारमध्येच बटणं आणि चेनच्या होलसेल दुकानात सून म्हणून गेली होती. त्यांच्याकडे मालाच्या हिशेबाला कॉम्प्युटर होता आणि तो चालवायची ती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दुपारी तिच्याकडे जाऊन बसले होते. जिला मी बोटं कशी ठेवायची ते शिकवलं, तिने मला फ्लॉपी कुठल्या बाजूने घालायची ते शिकवलं. तिच्या मनात मी अजून "टीचर"च होते, त्यामुळे माझं चुकलं की ती स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायची.

शाळेच्या कमिटीने माझा हात वर गेलेला पाहिला, पण पुरता विश्वास ठेवला नाही. कल्याणचा एक डिप्लोमावाला तयार होता. अध्यक्ष म्हणाले, "दिवालीपर्यंत बगू. बाईंना जमलं तर बाई. नायतर कल्यानवाला."

हे अध्यक्ष म्हणजे आबा. बेलवलीचे शेतकरी, पांढरं धोतर, टोपी, आणि हातापायांना वर्षभर मातीचा रंग. स्वतः चौथीपुढे शिकले नव्हते, पण शाळेसाठी जमीन त्यांच्या घरची. त्यामुळे हेडसरांसकट सगळे त्यांना वचकून असायचे. आबा फार बोलत नसत. विचारत मात्र फार. आणि एकदा विचारलं की उत्तर मिळेपर्यंत उठत नसत.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी शाळेत सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची: शाळेची घंटा, सूक्ष्मदर्शक, लेझीम, शिवणाची मशीनं, माझे टाइपरायटर. त्या वर्षी मान कॉम्प्युटरचा होता. मुलींनी झेंडूचं तोरण केलं होतं. आबा पूजेला बसले. पडद्याच्या काचेला कुंकवाचं बोट लावलं, कीबोर्डला हळद लावली. नारळ मात्र बाहेर पायरीवर फोडायचा, एवढं मी आधीच पदरात पाडून घेतलं होतं. हातात अक्षता घेऊन आबांनी मला विचारलं, "बाई, ह्याचं तोंड कुठं?"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी पुढे होऊन फ्लॉपीच्या वरच्या उघड्या खाचेकडे बोट दाखवलं. "इथून हा वाचतो, आबा. आपण जे देऊ ते इथूनच आत जातं."

"मंग पयलं थितंच," असं म्हणून आबांनी डोळे मिटले. आम्हीही मिटले. मंत्र झाला, आरती झाली, पेढे वाटले गेले. मग सगळ्यांसमोर मी बटण दाबलं आणि फ्लॉपी घातली. ती पुरती आत जाईना. जोर केला तर आतून खर्रर्र असा आवाज आला, जुन्या जात्यात खडा सापडावा तसा, आणि पडदा काळाच्या काळा राहिला. पुन्हा केलं, पुन्हा खर्रर्र. खोलीत इतकी शांतता झाली की पेढा चावल्याचा आवाज येत होता. कमिटीतले एक जण मला ऐकू जाईल इतपत हळू म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." आबांनी टोपी सारखी केली आणि चपला घालून निघून गेले. त्यांचं ते तसं निघून जाणं मला जास्त लागलं.

दसऱ्यानंतर शाळा भरली तेव्हा संतोष माझ्या टेबलापाशी आला. संतोष म्हणजे हेंद्रेपाड्याचा, वर्गातला पहिल्या नंबरचा वात्रट. आज त्याचं स्टेशनजवळ मोबाइलचं दुकान आहे आणि माझा फोन बिघडला की तो मलाच झापतो: "बाई, दोन बोटांनी टाइप करताय? आम्हाला छडी मारली असतीत!" तर हा संतोष त्या दिवशी हळूच म्हणाला, "बाई, पूजेला तुम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. आम्ही नव्हते मिटले. आबांची मूठ त्या तोंडात गेली. सगळे तांदूळ आत."

बॅटरी मारून पाहिलं. खोल आत काहीतरी लालसर दिसत होतं. मशीन देणाऱ्या दुकानदाराचा माणूस म्हणाला, खोलू नका, सील तोडलंत तर गॅरंटी गेली, दिवाळीनंतर बघतो. मी हेडसरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण आबांना सांगायचं कोणी, की तुमच्या पूजेने मशीन बंद पडलं? मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची?" सांगावं तर आबांच्या भक्तीला बोल लावल्यासारखं होणार, न सांगावं तर मला येत नाही हे ठरलेलंच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

रविवारी कॅम्प चार गाठला. सिंध्यांच्या घरी कुठल्याही वेळेला गेलं तरी आधी पापड आणि पाणी पुढे येतं. त्या उन्हात तो भाजलेला, मिरी लावलेला पापड आणि माठातलं पाणी हर्षाच्या सासूबाईंनी न विचारता माझ्यासमोर ठेवलं. ती चव माझ्या जिभेवरून गेलेली नाही. दुकानात दिवाळीची झुंबड होती. हर्षा खोक्यांच्या आडून म्हणाली, "टीचर, सीजन है, साँस लेने का टाइम नहीं. पण मी येते. दुकान बंद असेल त्या दिवशी, दिवाळीच्या आधी, पक्का." मग माझा चेहरा बघून तिला काय वाटलं कोण जाणे, तिने माळ्यावरून एक जुना काळा टेलिफोन काढला. बंद पडलेला, जडच्या जड. "तोपर्यंत हे घेऊन जा. बच्चा लोगको कुछ तो हात में चाहिए ना."

तो फोन मी पिशवीत घालून आणला आणि पुढचे दहाएक दिवस आमचा वर्ग त्या मुक्या फोनवर आणि जुन्या टाइपरायटरवर चालला. आज वाटतं, बरं झालं मशीन बंद पडलं. चालू असतं तर मी मुलांना बटणं दाबायला शिकवलं असतं आणि त्यातच समाधान मानलं असतं. मशीन बंद म्हणून मला विचार करावा लागला, की ऑफिस म्हणजे असतं तरी काय?

वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी फोन नव्हता. काहींच्या गावातच नव्हता. बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या एका पाड्यातून वनिता नावाची मुलगी चालत यायची. शेलाटी, सावळी, आणि बोलणं असं की पहिल्या बाकावर बसूनही मला ऐकू येत नसे. कापणीच्या दिवसांत ती मधूनच गायब व्हायची. अशा गायब होणाऱ्यांची नावं मी हजेरीत कधी तांबडी केली नाहीत, कारण खिडकीतून मला ती शेतातच दिसत असायची. परत यायची तेव्हा अंगाला कूस लागून खाजत असायचं, दप्तराला पेंढ्याचा वास यायचा. एकदा टाइपरायटरवर बसली ती उगाच बोट वर धरून. का, विचारलं तर म्हणाली, "बाई, एफच्या बोटाला इळा लागलाय." टायपिंगच्या मुलांना बोटांची नावं अशीच असतात, अक्षरांवरून. मी तर्जनी म्हटलं असतं तर तिला कळलं नसतं. मी त्या एफच्या बोटाला हळद लावली, चिंधी बांधली आणि त्या दिवशी तिला फोनवर बसवलं.

तिने रिसीव्हर उचलला तो उलटा. सगळे हसले. तिने सरळ केला, कानाला लावला, जरा वेळ ऐकलं आणि मला विचारलं, "बाई, आत कोनी नाय ना?"

"नाही. पण आहे असं समजायचं."

फोन करणाऱ्याला दुसरा फोन नव्हता. तो फळ्याचं डस्टर कानाला लावायचा. संतोषने डस्टर लावलं, गाल पांढरा करून घेतला आणि जाड आवाज काढून म्हणाला, "हॅलो, साहेब आहेत का?"

वनिता म्हणाली, "साहेब नायत. भात कापाया गेलेत."

वर्ग हसून लोळला. मीही हसले. मग मी शिकवलं, की साहेब बाहेर गेलेत एवढंच सांगायचं. कुठे, कशाला, ते नाही. आपलं नाव सांगायचं, समोरच्याचं विचारायचं, निरोप लिहून घ्यायचा, ज्याचा असेल त्याला तसाच्या तसा द्यायचा, आणि मिळाला म्हणून उलट कळवायचं. दुसऱ्या कोणाशी बोलायचं झालं तर रिसीव्हरवर तळवा धरायचा. आणि कामात काही बिघडलं असेल तर गिऱ्हाइकापुढे कुणाचं नाव घ्यायचं नाही.

"पन बाई," वनिताने विचारलं, "ज्यानं बिघडवलं त्याचं नाव नाय घ्याचं?"

"नाही. ऑफिसातली गोष्ट ऑफिसात. गिऱ्हाइकाला काम झाल्याशी मतलब."

सगळी मुलं त्या वेळी एकदम कॉम्प्युटरकडे बघायला लागली. ती काय समजायची ते समजली. मी काही स्पष्ट बोलले नव्हते, तरी त्या दिवसापासून अक्षतांचा शब्द वर्गाबाहेर गेला नाही. एवढ्याशा गावात, जिथे म्हैस व्याली तरी संध्याकाळपर्यंत स्टेशनवर कळतं, तिथे आख्ख्या वर्गाने ती गोष्ट पोटात ठेवली. मी आयुष्यात पुष्कळ माणसांबरोबर काम केलं. असं ऑफिस मला पुन्हा मिळालं नाही.

आणि एक गंमत झाली. चार माणसांत जिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, ती वनिता फोनवर बोलायला लागली. समोर चेहरा नसला की तिला भीती वाटत नसे. काळा रिसीव्हर हातात आला की मान ताठ, आवाज खणखणीत. बोलीसुद्धा बदलायची, पुस्तकातली व्हायची, आणि फोन ठेवला की पुन्हा "बाई, पानी पियाला जाऊ?" आता ती अंबरनाथच्या एका कंपनीत आहे. मी कधी फोन केला तर आधी ऑफिसच्या आवाजात "नमस्कार, बोला" म्हणते आणि माझा आवाज ओळखला की खाली उतरून "बाईऽ, कशा हात?" म्हणते. दोन्ही आवाज मला सारखेच प्रिय आहेत.

हर्षा कबूल केल्याप्रमाणे आली. दिराच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर पर्स धरून, धुळीने केस पांढरे करून. दाराबाहेर चपला काढल्या, मशीनला नमस्कार केला, बॅटरीने आत पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "टीचर! आपने तो मशीन को पुलाव खिला दिया!"

सील तिने तोडलं नाही. मशीन तिरकं करून, घशात काही अडकलेल्या पोराला थोपटतात तसं पाठीवर थोपटलं. काही दाणे खाली पडले. उरलेले तिने पर्समधून भुवया कोरायचा चिमटा काढून एकेक करून ओढले. मुलं भोवती गुडघ्यांवर बसली होती आणि दाणा निघाला की श्वास सोडत होती. शेवटचा दाणा निघाल्यावर तिने फ्लॉपी घातली. ती सळकन आत गेली. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली आणि माझ्या पोरांनी असा कल्ला केला की हेडसर धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. हर्षाला पापड द्यायचा होता, पण शाळेत कुठला पापड. वनिताने डब्यातली तांदळाची भाकरी पुढे केली. हर्षाने ती नुसती, कालवणाशिवाय, तिथेच उभ्याने खाल्ली.

दिवाळीच्या सुट्टीला अगदी थोडे दिवस राहिले होते. मुलांना आळीपाळीने बसवलं. त्यांना टाइपरायटरची सवय, त्यामुळे ओळ संपली की मशीन टिंग करत नाही याचं त्यांना वाईट वाटायचं. मग कोणीतरी तोंडाने "टिंग" म्हणायला लागलं, आणि ती पद्धतच पडली. एकाने टाइप करायचं, बाकीच्यांनी टिंग म्हणायचं. शेजारच्या वर्गातले गुरुजी तक्रार घेऊन आले होते.

आणि मग सुट्टीच्या आदल्या दिवशी कमिटी आली. आबा पुढे, मागे दोघंतिघं, त्यांच्या मागे हेडसर. सकाळी निघताना मी ह्यांना काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी त्या दिवशी डबा नेला नाही. "आज घरीच आहे," एवढंच म्हणाले. मी परतेन तेव्हा कोणीतरी दार उघडायला हवं, असं त्यांना वाटलं असणार.

मुलांनी मशीन चालू केलं. आबांचं नाव हिरव्या अक्षरात लिहून दाखवलं, पुसून दाखवलं, पुन्हा आणून दाखवलं. टिंग कोणी म्हटलं नाही, सगळे घाबरलेले होते. आबांनी वाकून पाहिलं. "बरं हाय," म्हणाले. पण चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. कमिटीतल्या त्या अंगण वाकडं म्हणणाऱ्या गृहस्थांनी पुटपुटून आठवण करून दिली की कल्याणवाल्याला आज कळवायचंय.

आबांचं लक्ष कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेलं. "ह्यो फोन कसला?"

मी सांगितलं, कसला ते. बोलणारा डस्टर कसं लावतो तेही सांगितलं. आबा फळ्यापाशी गेले, डस्टर उचललं, बाकावर बसले आणि ते टोपीखाली कानाला लावलं. खडूची पूड त्यांच्या खांद्यावर पडली. कोणाला हसायचा धीर झाला नाही. ते गंभीरपणे म्हणाले, "ट्रिंग ट्रिंग."

टेबलाशी वनिता होती. तिने रिसीव्हर उचलला.

"नमस्कार. ऑफिसातून वनिता बोलते आहे. आपण कोण?"

"मी बेलवलीवरनं बोलतोय. शेतकरी."

"बोला साहेब."

"तुमच्याकडं एक मशीन हाय. खंडेनवमीपासनं बंद होती. खरं काय?"

"बंद होती साहेब. आता चालू आहे."

"बंद कशानं पडली?"

संतोषने स्वतःची मूठ तोंडात घातली. हेडसर खोकले. वनिताने माझ्याकडे पाहिलं नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, फोनवर बोलताना बघायची तशी.

"आत अडथळा होता, साहेब. आमच्या बाईंनी तो काढून घेतला."

"अडथला कुनी घातला?"

"ती आमच्या ऑफिसातली गोष्ट आहे, साहेब. बाहेर सांगत नाही. आपलं काम काय ते सांगा."

आबांची नजर वर्गावरून फिरली. एकही मूल त्यांच्याकडे बघत नव्हतं, सगळी खाली बघत होती, आणि इतकी सगळी मुलं एकदम खाली बघतात तेव्हा काहीतरी झाकलेलं असतं, हे त्यांच्यासारख्या माणसाला कळायला वेळ लागला नाही. त्यांनी मशीनकडे पाहिलं. त्या खाचेकडे पाहिलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. चारी बोटं जुळवून त्यांनी अंगठा त्यांच्यावरून हळूच फिरवला, अक्षता टाकताना फिरवतात तसा. मला त्या क्षणी माझ्या नोकरीचा विसर पडला. त्या म्हाताऱ्या माणसाला आता लाज वाटू नये, एवढंच मनात आलं.

"अडथला केवडा होता?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "तांदलाएवडा?"

वनिताने रिसीव्हर कानावर आणखी दाबला. मग म्हणाली, "आवाज येत नाही, साहेब. लाइन खराब आहे."

हे मी शिकवलं नव्हतं.

पहिल्यांदा हसले ते आबाच. खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं, डस्टरमधून पूड उडाली, तरी त्यांनी ते कानापासून काढलं नाही. मग वर्ग फुटला. हेडसरसुद्धा हसले, नंतर इकडेतिकडे बघून थांबले. आबांनी सगळ्यांना शांत होऊ दिलं आणि फोनमध्ये बोलावं तसं डस्टरमध्ये बोलले.

"पोरी, निरोप लिवून घे. तुमच्या बाईंसाठी हाय."

"सांगा साहेब." तिने पेन्सिल घेतली.

"म्हनावं, सुट्टी सपली का टायमावर या. कल्यानवाल्याला आमी नको म्हनून कलवतो."

वनिताने लिहिलं, वाचून दाखवलं, बरोबर आहे ना विचारलं. मग रिसीव्हरवर तळवा धरला आणि मी दहा कोस लांब असल्यासारखी मान वळवून म्हणाली, "बाई, बेलवलीहून एका शेतकऱ्यांचा फोन आहे. निरोप असा आहे, की सुट्टी संपली की वेळेवर या. कल्याणवाल्यांना ते नको म्हणून कळवणार आहेत. काय सांगू?"

फोन आल्यावर काय काय करायचं ते सगळं मी मुलांना शिकवलं होतं. रडू आलं तर काय करायचं ते राहून गेलं होतं.

"निरोप मिळाला म्हणून सांग," मी म्हटलं आणि चटकन पाठ करून फळा पुसायला लागले. डस्टर अजून आबांच्या कानाला होतं, म्हणून पदरानेच पुसला.